पुठ्ठ्यावरचं नाव

२८ सप्टेंबर २०२३, अनंत चतुर्दशीची रात्र. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रात्रीची गोळी दिली, त्यांचा उजवा हात उशीवर नीट ठेवला, दाराला कडी घातली आणि माजघरातल्या टेबलाशी येऊन बसले तेव्हा पावणेबारा वाजत आले होते. वाडीतले गणपती संध्याकाळीच नदीवर पोचवून झाले होते. पडवीत ओल्या पावलांचे मातकट ठसे तसेच होते आणि घरात कापूर नि शिळ्या झेंडूचा वास रेंगाळत होता. लॅपटॉप उघडला, व्हीपीएन, म्हणजे घरून पुण्यातल्या ऑफिसच्या यंत्रांपर्यंत जाणारी इंटरनेटवरची सुरक्षित वाट, लावला, चिन्ह हिरवं होईपर्यंत थांबले आणि भोसरीच्या एका छोट्या कारखान्याची घसाऱ्याची, म्हणजे यंत्रं-इमारतींच्या दरसाल घटत्या किमतीच्या हिशेबाची, फाइल उघडायला गेले. टॅक्स ऑडिटची मुदत ३० तारखेची, हातात जेमतेम दोन दिवस. फाइल उघडली नाही. एक चौकट आली. ही फाइल अमुक यांनी उघडलेली आहे, नुसती वाचायची असेल तर उघडा, नाहीतर मोकळी झाली की कळवतो, अशा अर्थाची. आमच्या कामात दिवसातून दहा वेळा दिसणारी चौकट. पण त्या रात्री ‘अमुक’च्या जागी काकांचं नाव होतं. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांच्या नावाचं आद्याक्षर. ते स्वतः लिहायचे अगदी तसं.

काका म्हणजे आमच्या ऑफिसातले जुने सहकारी. ते २०१९ साली निवृत्त झाले.

आमचं सीएचं ऑफिस पुण्यात नारायण पेठेत, लक्ष्मी रस्त्यापासून चार पावलांवर. विसर्जनाच्या रात्री तिथे माणूस पोचणं अवघड, आणि पोचून कुलूप काढून घसाऱ्याची फाइल उघडून बसणं तर शक्यच नाही. हे सगळं मला दुसऱ्या क्षणाला सुचलं. पहिल्या क्षणी मात्र मला हायसं वाटलं होतं. काका बघताहेत ना, मग झालं, आता काही चूक राहणार नाही, असं मनात येऊन गेलं आणि खांदे सैल झाले. त्या एका क्षणाने मला नंतर कितीतरी दिवस सोडलं नाही. चार वर्षं मी एकटीने निभावत होते, निदान माझी तशी समजूत होती. नुसतं एक नाव दिसल्यावर अंगातलं ओझं उतरावं, इतकं ओझं होतं तर मग मला ते कळलं कसं नव्हतं?

मी आर्टिकल म्हणून, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकायला, ऑफिसात आले तेव्हा सगळं काही बॉक्स फाइलींत असायचं. जिन्यावरून वर आलं की डाव्या हाताला भिंतभर लाकडी मांडण्या, त्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या बॉक्स फाइली, प्रत्येकीच्या पाठीवर काकांच्या अक्षरात क्लायंटचं नाव आणि वर्ष. पावसाळ्यात त्या खोलीला बुरशी, डिंक आणि डांबरगोळ्यांचा मिळून एक वास यायचा. अजून कुठे डांबरगोळी दिसली की मला ट्रायल बॅलन्स आठवतो. काका सीए नव्हते. बी.कॉम. होऊन आलेले, सरांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. पण ऑफिसातला कुठला कागद कुठे आहे हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता यायचं नाही. त्यांची एक शिस्त होती. मांडणीतून फाइल काढली की तिच्या रिकाम्या जागेत एक पुठ्ठा उभा करायचा. मिठाईच्या खोक्यांचे कापून त्यांनी ते पुठ्ठे केलेले असत. त्यावर आपलं नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहायची. फाइल परत ठेवली की नाव खोडायचं आणि पुठ्ठा टोपलीत टाकायचा. पुठ्ठा न ठेवता फाइल नेलेली त्यांना खपायची नाही. ओरडायचे नाहीत, फक्त त्या रिकाम्या जागेसमोर जाऊन उभे राहायचे. आपण टेबलाशी काम करतोय आणि काका भिंतीतल्या भगदाडाकडे बघत शांत उभे आहेत, हे दहा सेकंदांच्या वर कुणाला सहन व्हायचं नाही.

पुढे सर्व्हर आला. सरांच्या खोलीबाहेर, गणपतीच्या फोटोखाली एका बुटक्या कपाटात तो काळा डबा बसला, प्रत्येकाच्या संगणकावर एक सामायिक ड्राइव्ह दिसायला लागला आणि मांडण्या हळूहळू मुक्या झाल्या. काकांना ते आवडणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक एक्सेल फाइल उघडायला घेतली, ती माझ्याकडे उघडी होती आणि त्यांच्या पडद्यावर माझं नाव असलेली ती चौकट आली. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला, चौकट दोनदा वाचली, मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अगं, हा तर माझाच पुठ्ठा!” आणि खरंच तसंच आहे. आपण फाइल उघडली की तिच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये एक छोटीशी लपलेली फाइल तयार होते, नावाच्या आधी लाटेसारखी खूण आणि डॉलरचं चिन्ह असलेली. तिच्यात बाकी काही नसतं, उघडणाऱ्याचं नाव तेवढं असतं. आपण फाइल बंद केली की ती नाहीशी होते. काकांनी नेटवर्कवाल्या मुलाकडून लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करून घेतली आणि संध्याकाळी निघताना ते फोल्डर फिरून बघायचे. कुणाचे पुठ्ठे उभे राहिलेत? ज्याचा असेल त्याच्या टेबलाशी जाऊन, “बंद करून जा रे, दुसऱ्या कुणाला लागेल,” एवढंच म्हणायचे.

मग २०२० चा मार्च आला. २२ तारखेचा जनता कर्फ्यू, २४ च्या रात्रीची घोषणा, आणि ऑफिसातलं वर्षअखेरीचं काम जिथल्या तिथे. ३१ मार्चच्या अध्यादेशाने बऱ्याच तारखा ३० जूनपर्यंत पुढे गेल्या तरी कागद सगळे नारायण पेठेत आणि आम्ही सगळे आपापल्या घरी. सरांच्या ओळखीच्या एकाने सुचवलं की राउटरवर ४४५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे फाइली वाटून घेण्याचं दार, बाहेरून उघडं करा, म्हणजे घरबसल्या थेट ड्राइव्ह दिसेल, व्हीपीएनचा खटाटोप कशाला. आमचा नेटवर्कवाला मुलगा एरवी फार बोलत नाही, पण त्या दिवशी फोनवर त्याचा आवाज चढला होता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाने जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं प्रकरण पसरलं ते याच वाटेने, फाइली वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतल्या एका भोकातून, असं त्याने सरांना समजावलं. “सर, वाड्याचा दिंडीदरवाजा काढून रस्त्यावर तिजोरी ठेवण्यासारखं आहे ते,” म्हणाला. पोर्ट उघडलं नाही. त्याने आपल्या खोलीत बसून आम्हा नऊ जणांच्या यंत्रांवर एकेक करून ओपनव्हीपीएन बसवलं, प्रत्येकाला वेगळी किल्ली दिली, आणि शेवटी मला म्हणाला, “मॅडम, टनेल अप आहे.” व्हीपीएनच्या त्या वाटेला ते लोक टनेल म्हणतात, बोगदा.

ते ओपनव्हीपीएन पहिल्यांदा लिहिणारा जेम्स योनान मध्य आशियात फिरत असताना तिथल्या वाटेल त्या इंटरनेटवरून ऑफिसच्या यंत्रांशी जोडून घ्यायचा आणि मधे कोण काय वाचत असेल याची त्याला काळजी वाटायची. त्यातून २००१ साली ते निघालं. हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल एकदम जवळीक वाटली. लांब कुठेतरी परक्या छपराखाली रात्री बसून आपल्या टेबलाची काळजी करणं मला नीट कळतं.

कारण २०२० च्याच ऑक्टोबरात अण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. अण्णा आयुष्यभर कोयना प्रकल्पावर फिटर होते, निवृत्तीनंतर चिपळूणजवळच्या अलोऱ्याच्या वर डोंगराच्या कुशीत चार खोल्यांचं घर बांधून राहिलेले. आई गेल्यापासून एकटेच. पुण्याला यायला तयार नव्हते आणि त्या अवस्थेत त्यांना कुंभार्ली घाट चढवायला डॉक्टरही तयार नव्हते. मी सरांकडे गेले ते नोकरी सोडते असं सांगायलाच. सरांनी विचारलं, टनेल तिथून लागतो का? एवढाच प्रश्न. तो लागला म्हणून माझी नोकरी राहिली, अण्णांचं औषधपाणी राहिलं. व्हीपीएन हा शब्द लोक फार सहज वापरतात. मला तो उच्चारताना अजून हात जोडावेसे वाटतात.

सुरुवात मात्र सोपी नव्हती. इथे आल्यावर पहिले दोन दिवस हिरवी खूण यायची, सगळं जोडलंय असं दिसायचं, आणि ड्राइव्हवर मात्र लाल फुली. सर्व्हरला नावाने हाक मारली तर सापडत नव्हता. नेटवर्कवाला मुलगा म्हणाला, नाव नका घालू, आकडे घाला, नावाने मारलेली हाक बोगद्यातून पलीकडे जात नाही. आकडे घातले, १९२.१६८.१.१०, तरी नाही. मग त्याने इथल्या राउटरचा पत्ता विचारला आणि त्याला उलगडा झाला. इथल्या घरातल्या यंत्रांचे पत्तेही १९२.१६८.१ नेच सुरू होत होते. दोन्हीकडे एकच. त्यामुळे माझा लॅपटॉप सर्व्हरला पुण्यात शोधायला जातच नव्हता. तो पत्ता आपल्याच घरातला आहे असं समजून तो इथेच शोधत होता, पडवीत, माजघरात, अण्णांच्या खोलीत. त्याने इथल्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.५० ने सुरू होणारा केला आणि फुली गेली. तांत्रिक गोष्ट, पाच मिनिटांची. पण त्या रात्री अण्णांच्या खाटेशेजारी सतरंजीवर पडल्यावर मला ती पुन्हा पुन्हा आठवत राहिली. पुण्यात असताना कितीतरी वर्षं मीही हेच करत होते. फोनवर अण्णांचा आवाज ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे पुण्यातलंच घर असायचं. ते पायरी उतरताना भिंतीला धरतात, रात्री जेवण टाळतात, हे मी त्या पत्त्यावर जाऊन कधी बघितलंच नव्हतं.

फाइली उघडायच्या, पण जिवाच्या आकांताने. ऑफिसात माझ्या टेबलापासून सर्व्हरपर्यंत प्रश्न जाऊन उत्तर यायला एक मिलीसेकंदसुद्धा लागत नाही. अलोऱ्याहून ४५ लागायचे. ४५ मिलीसेकंद म्हणजे पापणी लवण्याच्याही आतले, पण एक भरलेला फोल्डर उघडताना यंत्र सर्व्हरला बारीक बारीक शेकडो प्रश्न विचारतं. ही फाइल केवढी, ती कधी बदलली, मला बघायची परवानगी आहे का. एकाचं उत्तर आलं की पुढचा. असे ४०० प्रश्न एकामागून एक गेले तर १८ सेकंद नुसते येण्या-जाण्यात. मी जास्त वेगाचं कनेक्शन घेऊन बघितलं, काडीचा फरक पडला नाही. रस्ता कितीही रुंद केला तरी हेलपाटे तेवढेच. फाइली वाटून घेण्याची ही बोली १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली ती एका छताखालच्या यंत्रांसाठी. वाड्यातल्या बायका चौकातून एकमेकींना विचारत असाव्यात, मीठ आहे का, बरणी कुठली, झाकण कुठेय, तशी ती बोली. तीच संभाषणं पुण्याहून कोकणात पत्राने करायची म्हटल्यावर वेळ लागणारच. एकदा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं एका कंपनीचं खातं बोगद्यातून थेट उघडलं आणि मधेच लाइन तुटून त्याचा डेटा बिघडला. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो. त्यानंतर त्या मुलाने मला वेगळी वाट लावून दिली. “मॅडम, फाइल तिकडे ओढू नका. तुम्हीच इकडे या.” म्हणजे बोगद्यातून नारायण पेठेतल्या माझ्या टेबलावरच्या संगणकावर जायचं, काम सगळं तिथे होतं, माझ्यापर्यंत येतं फक्त त्या पडद्याचं चित्र, माझ्याकडून जातात फक्त बोटांचे ठोके. फाइल जागची हलत नाही.

अण्णांना हे सगळं फार लवकर समजलं. एके दिवशी मी फोनवर म्हणत होते, “टनेल डाऊन आहे, कुणीतरी बघा,” आणि खाटेवरून त्यांचा जड आवाज आला. “कुठला... बोगदा? चौथा टप्पा?” डोळे मोठे झाले होते, डावा हात गादीवर टेकून ते उठायला बघत होते. मी त्यांना समजावलं की माझा बोगदा वेगळा, इथून पुण्याच्या ऑफिसात जाणारा, त्यातून हिशेब जातात. ते ऐकून त्यांनी बराच वेळ विचार केला. मग आठवडाभर, तुकड्यातुकड्यांनी, एकेक शब्द शोधत, मला त्यांचा बोगदा सांगितला. कोयनेचं पाणी खरं म्हणजे पूर्वेकडे, कृष्णेला मिळायला निघालेलं. ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, पोफळीच्या जमिनीखालच्या वीजघरात पाडलं, पुढे कोळकेवाडीच्या धरणातून अलोऱ्याच्या तिसऱ्या टप्प्याला, आणि शेवटी वाशिष्ठीत. १३ मार्च १९९९ ला चौथ्या टप्प्यासाठी शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, तळाला भोक पाडलं तेव्हा ते कामावर होते. तळ्याच्या बाजूला खडकाची शेवटची जाड भिंत तशीच ठेवतात, आतून सगळा बोगदा तयार करतात, आणि मग ती भिंत एका स्फोटात उडवतात. “दोन्ही टोकं... तयार पायजेत,” ते म्हणाले. “एक टोक कच्चं... तर पाणी सगळं... घेऊन जातं.” तेव्हापासून रोज सकाळी चहा देताना त्यांचा प्रश्न ठरलेला. बोगदा चालू?

दुसरं टोक. त्याचा विचार मी कधी केला नव्हता. ते टोक पक्कं ठेवायला किती जण राबत होते हे मला गुरुवारी कळायचं. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज गेली की यूपीएस थोडा वेळ तग धरायचा, मग सर्व्हर बंद. वीज आली तरी तो आपोआप चालू व्हायचा नाही. लॉकडाउन उठल्यावरही ऑफिसात कुणी नियमित नसायचं, एकट्या झाडू-पोछा करणाऱ्या मावशी यायच्या. मी त्यांना फोन करायचे. मावशी, गणपतीच्या फोटोखालचं कपाट उघडा, काळ्या डब्यावर वरच्या अंगाला गोल बटण आहे, ते एकदा दाबून सोडा. पलीकडून बादली ठेवल्याचा आवाज, कपाटाच्या बिजागरीची कुरकुर, मग मावशी म्हणायच्या, “निळा दिवा लागला, ताई. वडील कसे हायेत?” पुढे त्या मुलाने सर्व्हरच्या मुळाशीच असं ठरवून दिलं की वीज आली की यंत्र आपलं आपण उठेल. काम सोपं झालं, आणि मावशींना फोन करायचं कारण उरलं नाही. मी कधीतरी बिनकामाचा करते.

२१ जुलै २०२१ च्या रात्री मी अशीच माझ्या टेबलावर, म्हणजे पुण्यातल्या टेबलावर, एक जीएसटीची जुळणी करत होते. बाहेर पाऊस पडत नव्हता, ओतत होता. कौलांवर इतका आवाज की अण्णांची हाक ऐकू यावी म्हणून मी दार उघडं ठेवलं होतं. मध्यरात्रीनंतर कधीतरी वीज गेली, पडद्यावरचं चित्र एका आकड्यावर थिजलं आणि मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी चिपळूण पाण्याखाली होतं. आमचं घर उंचावर, आम्हाला पाण्याने शिवलं नाही, पण वीज नाही, फोन नाही, घाटाचा रस्ता बंद. खाली बाजारपेठेत ओळखीची किती घरं, किती दुकानं, त्या दिवसांबद्दल मी इथे लिहिणार नाही. पाचव्या दिवशी एका टेकाडावर उभं राहिल्यावर फोनला रेघ दिसली आणि मी ऑफिसात लावला. एका आर्टिकल मुलाने उचलला, माझा आवाज ऐकून आधी काही बोलेच ना. मग म्हणाला, “ताई, तुमची ती फाइल उघडीच आहे. आम्ही बंद केली नाही.” चित्र तुटलं होतं माझ्या बाजूचं, पुण्यातला माझा संगणक चालूच राहिला होता, एक्सेल उघडं, फाइल उघडी, मी जिथे थांबले त्याच चौकोनात. पाच दिवस ती पोरं रोज सकाळी ती फाइल उघडायला जायची, माझ्या नावाची चौकट यायची आणि पोरं ती मिटून दुसरं काम घ्यायची. सर्व्हरवर उघड्या फाइलींची यादी असते, त्यात जाऊन ती तोडून टाकता आली असती. काम अडलं होतं, तसं त्यांना कुणी सांगितलंही असेल. “तुमचं नाव दिसत होतं ना रोज,” तो म्हणाला. पुढे तो काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

म्हणून त्या विसर्जनाच्या रात्री मी ती यादी उघडली तरी माझा हात पुढे गेला नाही. यादीत दिसत होतं, फाइल काकांच्या जुन्या यंत्रावरून उघडी आहे. आता उलगडा झाला. त्या टेबलावर २०२२ पासून एक आर्टिकल मुलगी बसते. यंत्र तेच, त्यावरचं ऑफिसचं सॉफ्टवेअर तेच, आणि पहिल्यांदा बसवताना काकांनी त्यात स्वतःचं नाव घातलं ते आजतागायत कुणी बदललेलं नाही. एवढे दिवस ती मुलगी काकांच्या नावाने फाइली उघडत होती. ऑफिसात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर बसणाऱ्यांना चौकटीतलं नाव वाचायची गरजच पडली नसेल. बुधवारी संध्याकाळी घाईत निघताना तिने फाइल उघडी टाकली होती. यादीतल्या त्या ओळीवर उजवं बटण दाबून बंद म्हटलं असतं तर दोन सेकंदांत मोकळी झाली असती. पण तिने न साठवलेलं काही त्यात असलं तर गेलं असतं. तिला मेसेज टाकला. ती ढोलपथकात आहे, तो दिवसभर बॅगेत पडलेला फोन ती कधी बघणार देव जाणे. मी फाइल नुसती वाचायला उघडली, मोकळी झाली की कळव असं सांगून ठेवलं, आणि सरांनी विचारलेले प्रश्न वहीच्या कागदावर पेन्सिलीने उतरवत बसले. वर काकांच्या हाताखाली वर्षानुवर्षं वाढलेला तक्ता. यंत्रसामग्री १५ टक्के, फर्निचर १०, संगणक ४०. घटत्या किमतीवर घसारा काढला की आकडा दरसाल लहान होत जातो, शून्य मात्र होत नाही. इमारत एकच, पण ओळी दोन. एक १० टक्क्यांची, एक ५ टक्क्यांची. सरांचा प्रश्न तोच होता, एकाच आवारातल्या बांधकामाला दोन दर का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच टक्के राहण्याच्या घराला लागतात हे पाठ आहे, पण कारखान्यात घर कुठून आलं?

पहाटे टेबलावरच डोकं टेकून डोळा लागला होता. सव्वासहाला लॅपटॉपने बारीक आवाज केला. फाइल आता मोकळी आहे. पाठोपाठ फोनवर तिचा मेसेज, “ताई सॉरी, मैत्रिणीकडे झोपले होते, आत्ता बघितलं. चालत ऑफिसला आले. सेव्ह करून बंद केली. बाहेर अजून मिरवणूक चालू आहे.” आणि त्याखाली, “माझ्या मशीनवर जुन्या काकांचं नाव येतं ते बदलून घेऊ का?” मी त्याला उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. आतून अण्णांची हाक आली. बोगदा चालू? चालू आहे, अण्णा, म्हटलं, चहा टाकला, आणि आठ वाजल्यावर काकांना फोन लावला. शेवटचा मागच्या दिवाळीला केला होता. ते तळेगावला मुलाकडे असतात.

आवाज थोडा बारीक झालाय, पण “बोल गं” तेच. मी सांगितलं, रात्री तुमच्या नावाने फाइल अडली होती, भोसरीची, घसाऱ्याची. ते हसतील असं मला वाटलं होतं. ते गप्प झाले. पाठीमागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग विचारलं, “इमारतीच्या दोन ओळींसाठी उघडलीस ना?” मी हो म्हटलं. “मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत बघ, गेटातून आत गेलीस की डाव्या हाताला. वॉचमन राहतो बायकापोरांसकट. तो भाग राहायचा, म्हणून पाच. मी स्वतः जाऊन बघून आलो होतो, तुळशीवृंदावन आहे दारात. बांधकामाचं बिल वेगळं आहे त्याचं, २००९ च्या बॉक्समध्ये, हिरव्या दोऱ्यात बांधलेलं.” मी लिहून घेत होते. हिरवा दोरा असंसुद्धा लिहून घेतलं. अण्णांची चौकशी केली, हात हलतो का विचारलं, मालिशला कुठलं तेल वापरता ते विचारलं. मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, “ती फाइल आत्ता उघडी आहे का तुझ्याकडे?”

“हो, काका.”

“मग ती आधी बंद कर बरं. दुसऱ्या कुणाला लागेल.”